अदृश्य शर्यत : मोटारशर्यतींचे दूरचित्रवाणी-निवेदन आणि जाणत्या प्रेक्षकाची तक्रार

मोटारशर्यतींच्या प्रेक्षकाइतका कुरकुरा प्रेक्षक अन्य कोणत्याही खेळाला लाभलेला नाही, असा एक समज रूढ आहे. शर्यत संपते न संपते तोच दिग्दर्शकाने भलतेच दृश्य दाखविले, समालोचकाला मुद्दा कळलाच नाही, ऐन मोक्याच्या क्षणी जाहिरात आली, अशा तक्रारींचा वर्षाव सुरू होतो. या तक्रारींकडे पाहण्याची प्रचलित रीत दुहेरी आहे. प्रक्षेपण करणाऱ्या संस्था त्यांना हौशी लोकांचा हेकटपणा समजतात, आणि माध्यमांचे अभ्यासक त्यांत चाहतावर्गाच्या मानसशास्त्राची सामग्री शोधतात. दोघांच्याही लेखी तक्रार म्हणजे तक्रारदाराचे लक्षण असते. तिच्यात प्रक्षेपणाविषयी काही ज्ञान साठविलेले असेल, ही शक्यता दोघेही विचारात घेत नाहीत. वस्तुतः या असंतोषाचा बराच मोठा भाग हा निवेदनाविषयीचा असंतोष आहे. एका गुंतागुंतीच्या घटनेचे कथन करताना कथनकाराने निवड कशी केली, क्रम कसा लावला, कार्यकारणभाव कोठे तोडला, हे प्रश्न साहित्यसमीक्षेच्या नित्य परिचयाचे आहेत. तेव्हा या तक्रारींना समीक्षा मानून त्यांची तपासणी करणे अप्रस्तुत ठरू नये.

आरंभी एकच उदाहरण पुरेसे होईल. २३ मे २०२१ रोजी मोनॅको येथील ग्राँ प्री शर्यत चालू होती. मोनॅकोचा मार्ग ३.३३७ किलोमीटरचा, अरुंद, लोखंडी कठड्यांनी बांधलेला; तेथे एका मोटारीने दुसरीला मार्गावर मागे टाकणे ही दुर्मिळ घटना समजली जाते. सेबास्टियन फेटेल टायर बदलून मार्गावर परतला तेव्हा पिएर गॅस्ली त्याच्या बरोबरीला होता, आणि दोन्ही मोटारी चढावर चाकाला चाक भिडवून निघाल्या. नेमक्या त्याच क्षणी पडद्यावरील दृश्य बदलले, आणि लान्स स्ट्रोलची मोटार दुसऱ्या एका वळणाच्या कडेला घासून गेली होती त्याचा रिप्ले दाखविण्यात आला. रिप्ले संपला तेव्हा चढावरील प्रश्न सुटलेला होता : फेटेल पुढे, गॅस्ली मागे. अखेरीस ते याच क्रमाने पाचवा व सहावा आले. म्हणजे निकालाच्या तक्त्यात काहीही गहाळ झाले नाही. गहाळ झाला तो निकाल ठरण्याचा क्षण. या प्रसंगावर प्रेक्षकांनी जो संताप व्यक्त केला त्याला हेकटपणा म्हणणे कठीण आहे. नाटकाच्या मध्यंतरापूर्वीचा कळीचा प्रवेश चालू असताना पडदा पाडून मागील अंकातील एखादे किरकोळ दृश्य पुन्हा दाखवावे, तसा हा प्रकार होता.

तथापि अशी चूक का घडते, हे समजण्यासाठी मोटारशर्यतीचे घटनास्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. मराठी श्रोत्याला धावत्या समालोचनाची ओळख झाली ती आकाशवाणीवरील क्रिकेटमुळे, बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनाने खेळाच्या निवेदनाची एक भाषाच घडविली. क्रिकेट हा निवेदकाला अनुकूल असा खेळ आहे. चेंडू एक, त्याचे स्थान एका वेळी एक, आणि दोन चेंडूंच्या मधे श्वास घेण्यापुरता अवकाश. त्या अवकाशात गतचेंडूचे परीक्षण करता येते, क्षेत्ररचना सांगता येते, जुनी आठवण काढता येते. मोटारशर्यतीत यांपैकी काहीच नाही. वीसच्या आसपास मोटारी एकाच वेळी, कोठे तीन तर कोठे सात किलोमीटरच्या मार्गावर पसरलेल्या, सुमारे दीड तास अखंड धावत असतात. तिला केंद्र नसते. आघाडीवरील मोटार हे केंद्र मानावे, तर पुष्कळदा तीच सर्वांत कमी नाट्यपूर्ण असते. अकराव्या आणि बाराव्या क्रमांकांत चाललेली झुंज शर्यतीच्या निकालाला गौण, पण पाहणाऱ्याला प्रधान ठरू शकते. तेव्हा मोटारशर्यत ही स्वभावतःच अनेक समांतर कथानकांची रचना आहे, आणि तिला एका पडद्यावर एका रेषेत सांगणे म्हणजे प्रत्येक क्षणी बाकीची सर्व कथानके टाकून देणे होय.

येथे एक आक्षेप संभवतो. मार्गाच्या कडेला बसलेल्या प्रेक्षकाला तर फार थोडे दिसते : एखादे वळण, फार तर एक सरळ पट्टा. मिनिटा-दीड मिनिटाने मोटारींचा थवा येतो आणि नाहीसा होतो. दूरचित्रवाणीचा प्रेक्षक त्याच्या कितीतरी पट पाहतो. मग असंतुष्ट असतो तो घरी बसलेला, आणि पावसात भिजणारा मात्र संतुष्ट, असे का व्हावे? याचे उत्तर अपूर्णतेच्या प्रकारात आहे. कडेला बसलेल्या प्रेक्षकाची अपूर्णता त्याने स्वतः निवडलेली आणि स्थिर असते; आपणांस काय दिसणार नाही हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि न दिसणारा भाग तो आवाजावरून, घड्याळावरून, मोटारी कोणत्या क्रमाने परतल्या यावरून मनाशी रचतो. दूरचित्रवाणी पूर्णतेचे आश्वासन देते आणि अपूर्णता मात्र दुसऱ्याच्या मर्जीने, क्षणोक्षणी बदलत्या रूपात देते. आपण काय गमावीत आहोत हेही प्रेक्षकाला कळत नाही. कळते ते गमावल्यानंतर.

दूरचित्रवाणीच्या समालोचकाला संजयाची उपमा देण्याची आपल्याकडे प्रथाच पडली आहे. उपमा सोपी आहे, पण ती देणारे बहुधा भीष्मपर्वाचा क्रम विसरतात. संजय रणभूमीवरून परततो तो भीष्म पडल्याचे वृत्त घेऊन. फलित आधी सांगितले जाते आणि धृतराष्ट्राच्या प्रश्नांवरून मग दहा दिवसांचे युद्ध उलगडत जाते. श्रोत्याचे कुतूहल ‘काय झाले’ याविषयी उरलेले नसते. ‘कसे झाले’ याविषयी असते. हा भेद प्रस्तुत विषयात फार महत्त्वाचा आहे. जाणत्या प्रेक्षकाची ओढ ‘कसे’कडे असते, आणि प्रक्षेपणाची सारी यंत्रणा मात्र ‘काय’ टिपण्यासाठी सज्ज असते : टक्कर, उडालेले तुकडे, मागे टाकल्याचा क्षण, विजेत्याची मूठ.

या ‘कसे’चे सर्वांत शुद्ध रूप पाहावयाचे तर १६ ऑगस्ट १९९८ ची हंगेरीतील शर्यत पाहावी. हंगेरोरिंगवरही मागे टाकणे अवघड. फेरारी संघाचे रॉस ब्रॉन यांनी मायकेल शूमाखरसाठी दोनऐवजी तीन वेळा थांबण्याचा डाव आखला, आणि एक जादा थांबा परवडावा म्हणून त्याला १९ फेऱ्यांत २५ सेकंदांची आघाडी मिळविण्यास सांगितले. शूमाखरने ती मिळविली आणि मॅक्लॅरेनच्या मोटारींना मागे सारून तो जिंकला. या नाट्यात दृश्य असे काय होते? एक लाल मोटार, पुढे मागे कोणी नाही, फेरीमागून फेरी घालीत आहे. ज्याला हिशेब ठाऊक नव्हता त्याला हा शर्यतीतील कंटाळवाणा भाग वाटला असणार; ज्याला ठाऊक होता त्याला प्रत्येक फेरीची वेळ पडद्यावर उमटेपर्यंत धीर धरवत नव्हता. ही शर्यत डोळ्यांनी दिसत नव्हती. ती घड्याळात होती. जी गोष्ट चित्रात नाही ती चित्राच्या माध्यमाने कशी सांगावी, हा येथील प्रश्न, आणि त्याचे उत्तर आकडे व शब्द यांवाचून देता येत नाही.

मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी जी तत्त्वे मांडली, त्यांचा उपयोग येथे करून पाहण्यासारखा आहे. दोन मोटारींमधील अंतर आठ सेकंदांवरून सातावर, मग सव्वासहावर येते. पुढच्याचे टायर झिजत आहेत, मागच्याचे नवे आहेत. तेवढ्यात पुढचा थांबतो आणि ताज्या टायरांवर परततो. या वाढत्या-घटत्या अंतराला स्वतःची लय असते. ज्याला ‘अंडरकट’ म्हणतात ती खेळी घ्या. मागचा चालक आधी थांबतो, नव्या टायरांवर एक-दोन जलद फेऱ्या काढतो, आणि पुढचा चालक थांबून परत येईतो जागांची अदलाबदल झालेली असते. मार्गावर कोणी कोणाला मागे टाकलेले नाही. विरोध होता, त्याचे समतोलात पर्यवसान झाले, पण दोन्ही अदृश्य राहिले. प्रक्षेपणाने ही लय धरली तर पंधरा फेऱ्यांचा ‘कंटाळा’ हाच रसाचा परिपोष ठरतो. न धरली तर अकस्मात उमटलेला बदललेला क्रमांक तेवढा उरतो. जाणता प्रेक्षक ‘आम्हांला शर्यत समजू द्या’ असे म्हणतो तेव्हा तो ही लय मागत असतो.

चित्राच्या बाबतीतही त्याची एक जुनी तक्रार आहे, आणि तिला तांत्रिक आधार आहे. लांब पल्ल्याच्या भिंगातून समोरून येणारी मोटार दाखविली की अंतर चपटे होते. ताशी ३०० किलोमीटरने येणारी मोटार जागच्या जागी थरथरत असल्यासारखी दिसते. उंच मनोऱ्यावरील कॅमेरा मोटारीबरोबर वळत गेला की मार्ग मागे सरकतो, मोटार चौकटीच्या मध्यावर निश्चल राहते. वेगाच्या खेळात वेगच नाहीसा होतो. कठड्यापाशी, जमिनीलगत ठेवलेला स्थिर कॅमेरा वेग दाखवितो, पण शर्यतीचा क्रम दाखवीत नाही. जॉन फ्रँकनहायमर याने १९६६ च्या ‘ग्राँ प्री’ या चित्रपटात मोटारींवर कॅमेरे बसविले, पडद्याचे तुकडे करून अनेक दृश्ये एकाच वेळी मांडली. संकलनासाठी व ध्वनीसाठी त्या चित्रपटास ऑस्कर मिळाले. चित्रपटाला हे साधले कारण त्याला शर्यत हवी तेव्हा थांबविता येत होती. दूरचित्रवाणीला तिथवर पोचण्यास तेरा वर्षे लागली. ऑस्ट्रेलियात १९७९ च्या बॅथर्स्ट शर्यतीत पीटर विल्यमसनच्या टोयोटामध्ये ‘रेसकॅम’ बसविण्यात आला, आणि तो चालत्या शर्यतीत समालोचकांशी बोलत होता. फॉर्म्युला वनमध्ये १९८५ च्या जर्मन ग्राँ प्रीत फ्रान्स्वा एस्नो याच्या रेनॉ मोटारीवर कॅमेरा होता. चालकाच्या डोळ्यांच्या पातळीवरून मार्ग दिसू लागला तेव्हा प्रथमच घरी बसलेल्याला सुकाणूवरील हातांची घाई समजली. न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ म्हणून ज्या अवस्थेचे वर्णन केले, तिच्या इतके जवळ या माध्यमाने प्रेक्षकाला दुसऱ्या कोणत्याही साधनाने नेलेले नाही : तो चालक होतो, आणि आपण खुर्चीत आहोत हेही जाणतो. एवढे मात्र खरे की मोटारीतील कॅमेऱ्यातूनही शर्यत दिसत नाही. एका माणसाची शर्यत दिसते.

काळाच्या बाबतीतील तक्रार अधिक उघड आणि अधिक जुनी आहे. अमेरिकेत इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत १९७१ पासून त्याच दिवशी, पण संपल्यानंतर, संपादित रूपात दाखविली जाई. ती थेट दिसू लागली १९८६ साली. शर्यतीच्या गावातील लोकांना तर तिकिटे खपावीत म्हणून थेट प्रक्षेपण नाकारलेले असे. शंभराव्या शर्यतीच्या वेळी, २०१६ साली, सर्व जागा विकल्या गेल्यावर ती बंदी त्या वर्षापुरती उठविण्यात आली. थेट प्रक्षेपणाने काय साधते, हे १८ फेब्रुवारी १९७९ रोजी डेटोना येथे दिसले होते. ती ५०० मैलांची शर्यत सीबीएसने आरंभापासून अखेरपर्यंत देशभर दाखविली. पूर्व भागात हिमवादळ असल्याने माणसे घरीच होती. शेवटच्या फेरीत आघाडीचे दोघे, डॉनी ॲलिसन आणि केल यारबरो, एकमेकांवर आदळले; बरेच मागे असलेला रिचर्ड पेटी जिंकला; आणि कडेच्या मैदानात यारबरो व ॲलिसन बंधू यांची हातघाई झाली. कॅमेऱ्यांना काही क्षण नवा आघाडीवीर शोधावा लागला. तो शोधण्यातील धांदलही प्रेक्षकाने अनुभवली, आणि ती त्याला खुपली नाही. कारण त्या क्षणी निवेदक आणि श्रोता सारख्याच अज्ञानात होते.

याच्या उलट उदाहरण २००५ च्या इमोला येथील शर्यतीचे. फर्नांदो अलोन्सोच्या पाठीशी शूमाखर अनेक फेऱ्या चिकटलेला होता. अखेर दोघांत ०.२१५ सेकंदाचे अंतर राहिले. ब्रिटनमध्ये आयटीव्हीने या झुंजीच्या शेवटच्या काही फेऱ्या शिल्लक असताना जाहिराती लावल्या. ९ नोव्हेंबर २००८ रोजी फीनिक्स येथील नॅसकार शर्यत लांबली, तेव्हा अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागांतील प्रेक्षकांना एबीसीने शर्यत संपण्यापूर्वीच घरगुती गमतीच्या चित्रफितींचा कार्यक्रम दाखविण्यास सुरुवात केली आणि शर्यत दुसऱ्या वाहिनीवर हलविली. जाहिरात ही आर्थिक अपरिहार्यता आहे, हा युक्तिवाद येथे ऐकविला जातो. तो खरा आहे, परंतु अपुरा आहे. इंडीकारच्या प्रक्षेपणात २००५ पासून जाहिरात व शर्यत एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दाखविण्याची रीत सुरू झाली; म्हणजे अपरिहार्यता वाटत होती तितकी कठोर नव्हती.

पैसे भरून पाहण्याच्या वाहिन्यांविषयीची तक्रार वेगळ्या जातीची आहे. ब्रिटनमध्ये २०१२ पासून बीबीसीने फॉर्म्युला वनचे थेट प्रक्षेपण स्कायशी वाटून घेतले आणि २०१९ पासून ते जवळजवळ सर्वस्वी स्कायकडे गेले. तेथे प्रश्न निवेदनाच्या गुणाचा नसून प्रवेशाचा आहे. त्याचा विचार अर्थशास्त्राने करावा. भारतात नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये आला तेव्हा जमलेला प्रेक्षक, आणि २०११ ते २०१३ या तीन वर्षांत ग्रेटर नोएडाच्या बुद्ध मार्गावर शर्यती झाल्या तेव्हा वाढलेला प्रेक्षक, दूरचित्रवाणीवरच शर्यत पाहून घडला होता, एवढे नमूद करणे पुरे.

तक्रारदाराची बाजू मांडताना दिग्दर्शकावर अन्याय होऊ नये, हेही पाहिले पाहिजे. फॉर्म्युला वनचे चित्र आज एका केंद्राकडून जगभर जाते. पूर्वी ते प्रत्येक देशातील यजमान संस्था निर्माण करी, आणि मोनॅकोत तर ही व्यवस्था २०२२ पर्यंत टिकली. फेटेल-गॅस्ली प्रसंगातील दोष स्थानिक दिग्दर्शनाचा होता; २०२३ पासून तेथील चित्रही मध्यवर्ती पथकाकडे आले. समालोचक त्या चित्राचा दास असतो. त्याला समोर आलेल्या चित्रावर बोलावे लागते. चित्र बदलण्याचा अधिकार त्याला नसतो. तेव्हा प्रेक्षक आपल्या भाषेतील समालोचकाला दूषणे देतो, ती पुष्कळदा चुकीच्या पत्त्यावर जातात. शिवाय प्रेक्षक एक नाही. नवखा आणि जाणता एकाच चित्राकडे पाहत असतात, आणि प्रत्येकाला आपला आवडता चालक दुर्लक्षित वाटतो. मरे वॉकर आणि जेम्स हंट या बीबीसीच्या जोडीने हा पेच १९८० पासून १९९३ पर्यंत ज्या रीतीने सोडविला ती आजही अभ्यासनीय आहे. वॉकर उत्कंठेचा आवाज होता. त्याच्या चुका प्रसिद्ध होत्या आणि प्रिय होत्या. हंट स्वतः १९७६ चा विश्वविजेता. तो तुटक, कधी निष्ठुर निर्णय देई. एकाने घटना उचलावी, दुसऱ्याने तिचे मोल ठरवावे, असा हा विभाग होता, आणि त्यामुळे नवख्याला व जाणत्याला आपापला निवेदक मिळाला होता. आजच्या प्रक्षेपणात दोन्ही आवाज बहुधा एकाच पट्टीत लागतात, ही तक्रार निराधार म्हणता येत नाही.

दिग्दर्शनाची मर्यादा एक, आणि दिग्दर्शनाची अभिरुची दुसरी. २०२५ च्या सिंगापूर शर्यतीनंतर कार्लोस साइंझ या चालकाने उघड तक्रार केली की प्रेक्षागारातील प्रसिद्ध व्यक्तींचे व चालकांच्या सहचारिणींचे चेहरे दाखविण्यात मार्गावरील झुंजी राहून जातात. तो त्या दिवशी अगदी मागून निघून दहावा आला होता, म्हणजे त्याच्या तक्रारीत स्वार्थ नव्हता असे नाही. परंतु प्रेक्षक वर्षानुवर्षे जे म्हणत होते तेच आता मोटारीत बसलेला माणूस म्हणू लागला. याहून गंभीर तक्रार २९ नोव्हेंबर २०२० ची आहे. बहरीन येथे रोमां ग्रोजाँ याची मोटार कठड्यात घुसून पेटली आणि तो ज्वाळांतून बाहेर आला. तो बचावल्याचे कळताच त्या आगीचा रिप्ले पुनःपुन्हा दाखविण्यात आला. शर्यत पुन्हा सुरू होण्याची वाट पाहणाऱ्या चालकांसमोरही तेच दृश्य होते, आणि डॅनिएल रिकार्डो याने त्याविषयी जाहीर तिटकारा व्यक्त केला. भयानक आणि बीभत्स यांच्या सीमेवर निवेदकाने किती वेळ रेंगाळावे, हा औचित्याचा प्रश्न आहे, आणि तो तंत्राच्या प्रगतीने सुटणारा नाही.

आतापर्यंतच्या सर्व तक्रारींत शर्यत एक वस्तू आणि निवेदन दुसरी, असे गृहीत होते. निवेदन सदोष असले तरी शर्यत स्वतंत्रपणे घडत होती. खरी अडचण सुरू होते ती निवेदनाच्या गरजा शर्यतीच्या रचनेत शिरू लागल्यावर. नॅसकारने २०१७ पासून शर्यतीचे टप्पे पाडले. टप्पा संपला की मोटारी मंदावतात, आणि तो विराम जाहिरातींना आयताच सापडतो. कीर्तनकाराने आख्यान कोठे थांबवावे हे तबकाच्या फेरीवरून ठरू लागले, तर आख्यान बदलते, तसेच हे. २९ ऑगस्ट २०२१ रोजी बेल्जममधील स्पा येथे पावसामुळे कित्येक तास वाट पाहून अखेर सेफ्टी कारमागे मोजक्या फेऱ्या घालण्यात आल्या आणि अर्धे गुण वाटण्यात आले. एकही फेरी स्पर्धेची झाली नाही, तरी निकाल लागला. ही शर्यत पैशासाठी ‘झाली’, असे लुइस हॅमिल्टननेही उघड बोलून दाखविले. आयोजकांनी ते नाकारले. हेतू काहीही असो, जे घडले ते शर्यतीचे निवेदन होते. त्यातून शर्यत वजा झाली होती.

त्याच वर्षी १२ डिसेंबरला अबू धाबी येथे या प्रश्नाने टोक गाठले. हॅमिल्टन आणि मॅक्स फर्स्टापेन ३६९.५ अशा समान गुणांवर उतरले होते. हॅमिल्टन आघाडीवर असताना ५३ व्या फेरीत निकोलस लातिफीची मोटार आदळली आणि सेफ्टी कार आली. फर्स्टापेनने नवे टायर घेतले. दोघांच्या मधे फेरीने मागे पडलेल्या पाच मोटारी होत्या. त्यांना पुढे जाऊ दिले जाणार नाही असे आधी सांगण्यात आले, आणि मग शर्यत-संचालक मायकेल मासी यांनी नेमक्या त्या पाचांनाच पुढे जाऊ दिले. इतर मागासलेल्या मोटारी तशाच राहिल्या. ५८ वी, शेवटची, फेरी मोकळी चालविण्यात आली, तीत फर्स्टापेन पुढे गेला आणि विश्वविजेता झाला. त्या हंगामात संचालकांशी संघप्रमुखांचे रेडिओवरील संभाषण प्रेक्षकांना ऐकविले जाऊ लागले होते. त्यामुळे दोन्ही संघांचे प्रमुख संचालकावर दबाव आणीत असल्याचे जगाने ऐकले. शक्यतो शर्यत सेफ्टी कारमागे संपू नये, अशी संघांत आधीच सहमती होती. या सहमतीचा अर्थ काय? शेवट ‘चांगला’ व्हावा. नियम हे शर्यतीचे व्याकरण; आणि शेवटाच्या सौंदर्यासाठी व्याकरण वाकविण्यात आले, असा जाणत्या प्रेक्षकाचा आरोप आहे. मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी-अहवालाने मानवी चुकीचा निर्वाळा दिला आणि निकाल कायम राहिला.

हा आरोप केवळ हॅमिल्टनच्या चाहत्यांचा मानून सोडून देणे सोयीचे आहे, पण न्याय्य नाही. शोकांतिकेचा शेवट बदलून सुखान्त करणाऱ्या नाट्यप्रयोगाविषयी जो आक्षेप घेतला जातो त्याहून हा आक्षेप कठोर आहे, कारण नाटकाचा शेवट मुळातच कोणीतरी रचलेला असतो. खेळाचे सारे मोल त्याचा शेवट कोणीही रचलेला नाही या विश्वासावर उभे आहे. नेटफ्लिक्सवरील ‘ड्राइव्ह टु सर्व्हाइव्ह’ या २०१९ पासूनच्या मालिकेविषयी खुद्द फर्स्टापेनने, त्यात नसलेली वैरे रंगविली जातात म्हणून, काही काळ असहकार पुकारला होता. पण मालिका ही निदान घडून गेलेल्या गोष्टीची पुनर्रचना असते. ती पाहणाऱ्याला संपादनाची जाणीव ठेवता येते. थेट शर्यतीत ती जाणीव ठेवावी लागणे, प्रत्येक सेफ्टी कारच्या वेळी ‘ही कोणासाठी?’ असा प्रश्न मनात येणे, हीच रसभंगाची परिसीमा होय.

अबू धाबीनंतर करण्यात आलेला एक उपाय सूचक आहे. संचालक आणि संघ यांच्यातील संभाषण प्रक्षेपणातून काढून टाकण्यात आले. दबाव कमी व्हावा हा उद्देश सांगितला गेला, आणि तो समजण्याजोगा आहे. परंतु ज्या संभाषणामुळे प्रेक्षकाला निर्णयाची प्रक्रिया, म्हणजे ते ‘कसे’, प्रथमच ऐकू आली, तेच बंद झाले. दोष उघड करणारी खिडकी बुजविणे आणि दोष दूर करणे यांत फरक आहे.

एक उपाय मात्र जुना आहे. बर्नी एक्लस्टन यांनी १९९६ साली जर्मनीत अशी सशुल्क सेवा सुरू केली होती की तीत प्रेक्षकाला मुख्य चित्र, मोटारीतील चित्र, पिटमधील चित्र किंवा वेळांचा तक्ता यांतून स्वतः निवड करता येई. पुरेसे ग्राहक न मिळाल्याने २००२ च्या अखेरीस ती बंद पडली. २०१८ साली ‘एफ वन टीव्ही’ या नावाने तीच कल्पना इंटरनेटवर परतली : वीस मोटारींचे वीस कॅमेरे, चालकांचा रेडिओ, फेरीच्या प्रत्येक भागाची वेळ. जाणत्या प्रेक्षकाने स्वतःच दिग्दर्शक व्हावे, असे हे आमंत्रण आहे, आणि त्याने ते स्वीकारले आहे. त्याच्या समोर मुख्य चित्र एका कोपऱ्यात लहान होऊन बसते. मध्यभागी आकड्यांच्या ओळी असतात, जांभळ्या, हिरव्या, पिवळ्या. हंगेरोरिंगवरील त्या १९ फेऱ्या आज तो ओळ न ओळ वाचू शकला असता. पण इतक्या चित्रांतून निवड करणाऱ्या या नव्या दिग्दर्शकालाही एका क्षणी एकच चित्र मोठे करता येते, आणि चढावर चाकाला चाक भिडते तेव्हा तोही पुष्कळदा दुसरीकडे पाहत असतो. शेजारच्या माणसाने त्या वेळी वेगळी मोटार निवडलेली असते. दोघे शर्यतीविषयी बोलू लागतात तेव्हा त्यांनी एकच शर्यत पाहिलेली नसते.